फियाटचं इंजिन

६८ मिलिमीटरचं बोअर, ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक, चार सिलिंडर, १०८९ सीसी. हे आकडे १९३७ सालच्या फियाट ५०८ सी या इटालियन गाडीचे. आणि आमच्या कोल्हापूरच्या अंगणात उभ्या असलेल्या १९८४ च्या प्रीमियर पद्मिनीचेही हेच! मधल्या काळात एक महायुद्ध होऊन गेलं, मुसोलिनी गेला, इंग्रज गेले, माणूस चंद्रावर जाऊन आला. इंजिनाचं माप काही हललं नाही.

याची सुरुवात सोलापूरच्या वालचंद हिराचंदांपासून. रेल्वेची कंत्राटं, जहाजं, विमानांचा कारखाना एवढं सगळं करूनही या गृहस्थांना मोटार बनवायचीच होती. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. बनवणं कसलं, बाहेरून आलेले भाग जोडणंच ते. पुढे फियाटशी करार झाला. १९५३ साली सरकारने बजावलं, नुसती जोडणी पुरे, गाडी इथेच बनवायचा कार्यक्रम दाखवा. फोर्ड आणि जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला, प्रीमियर टिकली. वालचंद त्याच वर्षी गेले, त्यामुळे १९५४ सालची ११०० काही त्यांनी पाहिली नाही. साठच्या दशकात तीच गाडी 'डिलाईट' झाली, आणि फियाटचं नाव लावता येईना तेव्हा १९७४ मध्ये 'पद्मिनी'. लोक मात्र शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. आमचे बाबासुद्धा.

नवीन इंजिन आणायची गरजच कुणाला नव्हती. बाजारात ॲम्बॅसॅडर, फियाट आणि स्टँडर्ड, बस्स. १९६९ साली तर सरकारने किमतीही ठरवून दिल्या, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. पैसे भरून गाडीसाठी वर्षानुवर्षं थांबायचं अशी ती दुनिया. या सगळ्याला आपण हल्ली परवानाराज म्हणून नाक मुरडतो, आणि मीही मुरडतो. ४० वर्षं तेच इंजिन विकणं म्हणजे गिऱ्हाइकाची थट्टाच की!

पण या थट्टेची दुसरी बाजू मला गेल्या दिवाळीनंतर दिसली.

झालं असं की गाडी निळा धूर ओकायला लागली, आणि नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीख जवळ आलेली. मामा म्हणाले, "भंगारात देऊन मोकळा हो." दोन गॅरेजवाल्यांनी बॉनेट उघडून बघायलाही नकार दिला. शेवटी बाबांच्या वेळचे मिस्त्री आठवले. ते कधीच निवृत्त झालेत, पण यायला तयार झाले, एका अटीवर. खुर्चीत बसून सांगणार, पान्याला हात लावणार नाही. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा इंजिन उतरवायचं होतं ते मी आणि माझ्या मावसभावाने.

बॉनेट काढलं. बॅटरी काढली, पाणी सोडलं, रेडिएटर उतरवला. कार्बोरेटर, स्टार्टर, सायलेन्सरचा पाइप. प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधली (मिस्त्री हसले, पण काही बोलले नाहीत). गिअरबॉक्सखाली जॅक लावला, मग त्याचे बोल्ट. तीन लोखंडी पायपांची तिकाटी उभी करून चेन कप्पी टांगली आणि मी वर ओढायला लागणार तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला, "अरे, वर नको, आधी पुढं घे. शाफ्ट क्लचमधनं सुटू दे." इंजिन बोटभर पुढे आलं, अडलं, थोडं हलवल्यावर आणखी पुढे आलं, आणि मग अगदी अलगद वर. बोल्टांची मापं, कुठला नट डोळ्यांनी दिसत नाही आणि हातानेच चाचपून शोधायचा, हे सगळं त्या माणसाला तोंडपाठ होतं. कागद नाही, पुस्तक नाही.

तेव्हा जाणवलं की बदललंच नाही म्हणून हे पाठ झालं. १९६० साली शिकलेली विद्या २००० साली चालत होती, आणि ती गावोगावच्या पिंपळाखाली मिळत होती. दर पाच वर्षांनी इंजिन बदललं असतं तर या मिस्त्रींची पिढी तयार झाली असती का, मला शंका आहे. म्हणून परवानाराज चांगलं होतं असं अजिबात नाही. त्या काळात वाट बघत बसलेले लोकही मला ठाऊक आहेत. आमच्या आजोबांची गाडी कधी आलीच नाही.

हेड खोलल्यावर पिस्टनच्या डोक्यावर ०.६० हा आकडा दिसला. म्हणजे सिलिंडर आधीच घासून ६८.६ मिलिमीटर केलेलं. मिस्त्री म्हणाले, "दोनदा मीच केलंय." एकदा बाबांची बदली झाली तेव्हा, एकदा ताईच्या लग्नाआधी. घरात कुणालाच माहीत नव्हतं. लग्नाच्या खर्चात बाबांनी हे कुठे बसवलं कोण जाणे.

आता पुन्हा घासण्यात अर्थ नाही, स्लीव्ह बसवाव्या लागतील. सुट्या भागांचंही अवघड झालंय. मुंबईत पद्मिनीच्या टॅक्स्या होत्या तोवर मिस्त्रींना हवा तो भाग मिळायचा. शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवलेली. २० वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या बंद झाल्या. वॉटर पंपासाठी मी चार शहरांत फोन केले, पाचव्यात मिळाला.

ब्लॉक उद्यमनगरात दिलाय. पंधरा दिवस म्हणालेत, म्हणजे महिना धरा. मामांना अजून सांगितलेलं नाही. गिअरबॉक्स जॅकवर टेकवून ठेवलाय आणि इंजिनाच्या रिकाम्या जागेत शेजाऱ्यांची मांजर झोपते.