मुठेल : रातांब्याच्या बियांचा पूर्ववृत्तांत

कोकणातील जुन्या गृहिणीच्या हिशेबी एखादा जिन्नस टाकाऊ ठरणे ही मोठी अवघड गोष्ट होती, आणि याची साक्ष देण्यास रातांब्याइतके, म्हणजे कोकमाच्या फळाइतके, योग्य फळ दुसरे नाही. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात भिरंडाची, म्हणजे याच फळाची, नोंद केली, आणि त्याच्या सालींचा शिरका करतात, हेही लिहून ठेवले. सालीचा लौकिक असा जुना आहे. मला सांगावयाचे आहे ते तिच्या आतल्या बियांविषयी.

फळ वैशाखात पिकते आणि मृगापूर्वी सोले वाळावी लागतात. तेव्हा साली सोडवून त्यांना रसाची पुटे देण्याच्या त्या धांदलीत मागे उरलेल्या बिया धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून, बाजूस ठेवल्या जात. पुढे सवडीने त्या कुटून टरफले पाखडावयाची, आतला गर उखळात बारीक करून पाण्यात उकळावयाचा, वर आलेले तेल पळीने हलकेच काढून घ्यावयाचे, आणि ते निवून थिजू लागले म्हणजे मुठीत दाबून त्याचे लांबट, पांढुरके गोळे वळावयाचे. हेच मुठेल. टाचांच्या भेगांना आणि उललेल्या ओठांना ते लावीत, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु आव पडू लागली असता ते पोटातही देत, आणि गरिबाघरी तुपाच्या जागी तेच अन्नात पडे. तुपात त्याची भेसळ होते, असे इंग्रजी अमलातील नोंदींत आढळते. भेसळ निंद्य खरी, पण हा पदार्थ खाण्याजोगा होता याचा त्याहून सबळ पुरावा कोणता हवा?

बीच्या वजनाचा सुमारे चतुर्थांश भाग स्निग्ध असतो. त्यात स्टिअरिक आणि ओलेइक या आम्लांचे प्राबल्य असल्यामुळे हे तेल एरवी घट्ट राहते, चाळीस अंशांच्या आसपास वितळते, आणि गुणधर्माने कोकोच्या लोण्याच्या निकट जाते. याच कारणास्तव युरोपीय संघाने २००० साली चॉकलेटविषयी जो निर्देश काढला, त्यात कोकोच्या लोण्याखेरीज शेकडा पाचपर्यंत घालण्यास ज्या सहा वनस्पतिजन्य स्निग्धांना परवानगी दिली, त्यांत कोकमाचे तेल आहे आणि आंब्याच्या कोयीचेही आहे. कोकणच्या अंगणात उरलेले दोन जिन्नस परदेशी कायद्यात नावानिशी दाखल झाले, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. आणि त्याच वेळी मुठेल वळण्याची वहिवाट घरोघर विरळ झाली, याची खंतही वाटते, कारण बी कच्ची विकली गेली की तिच्या मोलाचा मोठा वाटा गावाबाहेर जातो.

सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आमसूल आणि आगळ करणाऱ्या सहकारी संस्थांनी व महिला गटांनी आता बियांचीही स्वतंत्र खतावणी ठेवावी, आणि तेल काढण्याची तजवीज आपल्याच तालुक्यात करावी, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.