चिकानो विद्यार्थी आणि अमेरिकेतील विधिनियतकालिके

अमेरिकेत 'लॉ रिव्ह्यू' या नावाने ओळखली जाणारी विधिमहाविद्यालयांची संशोधनपर नियतकालिके बहुधा विद्यार्थीच चालवतात, आणि नामांकित प्राध्यापकाचा लेख स्वीकारावा की परत पाठवावा याचा निर्णयही तेच घेतात. १८८७ मध्ये निघालेल्या 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू'ने दृढ केलेल्या या प्रथेमुळे संपादक मंडळातील जागा ही न्यायमूर्तींच्या कचेरीकडे आणि अध्यापनाकडे नेणारी वाट ठरली. मात्र लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, विद्यार्थ्यांना ती दीर्घकाळ क्वचितच लाभली.

या उणिवेचे गांभीर्य १९५४ च्या 'हर्नांडेझ विरुद्ध टेक्सास' या खटल्यावरून कळते. जॅक्सन परगण्यात २५ वर्षांत मेक्सिकन आडनावाची एकही व्यक्ती ज्यूरीवर, म्हणजे निर्णय देणाऱ्या नागरिकांच्या पंचमंडळावर, बसलेली नव्हती. तरीही मेक्सिकन लोक श्वेतवर्णीयच असल्याने भेदभावाचा प्रश्नच उद्भवत नाही, असा राज्याचा युक्तिवाद होता. त्याच परगण्याच्या न्यायालयाच्या इमारतीत एका स्वच्छतागृहावर 'कृष्णवर्णीय पुरुष' या इंग्रजी शब्दांखाली पुरुषांसाठीची सूचना स्पॅनिशमध्ये लिहिलेली होती, आणि हर्नांडेझ यांचे वकील गस गार्सिया व कार्लोस कादेना यांच्या बाजूला तिच्याइतका बोलका पुरावा दुसरा क्वचितच असेल. सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. पण 'कृष्ण' आणि 'श्वेत' या दोनच कप्प्यांत विचार करणाऱ्या विधिविद्वत्तेत या समाजाच्या स्थानाची पद्धतशीर मांडणी व्हायचीच होती.

ते काम मोठ्या अंशी विद्यार्थ्यांनी उचलले. चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाचे आणि ती ओळख राजकीय अभिमानाने मिरवणारे अमेरिकी, यांच्या चळवळीच्या भरात लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७२ मध्ये 'चिकानो लॉ रिव्ह्यू' निघाले. संपादक दरवर्षी पदवी घेऊन बाहेर पडणार, अशा स्थितीत सातत्य राखणे कठीणच होते. दुसऱ्या खंडाला १९७५ साल उजाडले. १९८० च्या दशकात बर्कलीचे 'ला रासा लॉ जर्नल' आणि पुढील दशकात 'हार्वर्ड लॅटिनो लॉ रिव्ह्यू' त्याच्या पंक्तीला आले.

प्रस्थापित नियतकालिकांत शिरण्याचा दुसरा मार्गही होता. पोर्तो रिकन आईवडिलांची कन्या सोनिया सोतोमायोर यांनी विद्यार्थिदशेतच, १९७९ मध्ये, 'येल लॉ जर्नल'मध्ये 'नोट', म्हणजे विद्यार्थ्याने लिहिलेला संशोधनलेख, प्रसिद्ध केला. पोर्तो रिकोला राज्याचा दर्जा मिळाल्यास समुद्रतळावरील त्याच्या हक्कांचे काय होईल, हा त्याचा विषय होता. २००९ मध्ये त्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती झाल्या. परंतु एखाद्या असामान्य विद्यार्थिनीच्या प्रवेशाने संस्थेची सवय बदलतेच असे नाही. नागरी हक्कांवर लिहिणारे मोजके श्वेतवर्णीय पुरुष प्राध्यापक एकमेकांचेच दाखले देतात आणि अल्पसंख्याक लेखकांना वगळतात, हे कायद्याचे प्राध्यापक रिचर्ड डेल्गाडो यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले, तेव्हा त्या नोटला पाच वर्षे होऊन गेली होती.

म्हणूनच १९९० च्या दशकाच्या मध्यास प्राध्यापकांनी 'लॅटक्रिट', म्हणजे लॅटिनो समाजाच्या दृष्टीने कायद्याची चिकित्सा करणारी विचारधारा, उभी केली, तेव्हा विद्यार्थ्यांची ही नियतकालिके त्यांच्या उपयोगी पडली: आरंभीच्या चर्चासत्रांतील निबंध १९९६ मध्ये बर्कलीच्या आणि १९९७ मध्ये हार्वर्डच्या लॅटिनो विद्यार्थ्यांनी छापले.