काळ्या लोकरीची तक्रार

मॉनिटरचे कॅलिब्रेशन म्हटले की पडद्यावर टेकवायचे मापनयंत्र डोळ्यांपुढे येते. त्याआधीची तयारी, म्हणजे मॉनिटर अर्धा तास चालू ठेवणे, काच पुसणे, खोलीतला उजेड मंद करणे, आसपास भडक रंग नसू देणे, ही किरकोळ वाटते आणि घाईत वगळली जाते. इतिहासात मात्र ही तयारी यंत्राच्या कितीतरी आधीची आहे. तिच्या मुळाशी असलेला प्रश्न आजच्या यंत्रालाही सुटत नाही.

रसायनशास्त्रज्ञ मिशेल-यूजेन शेव्रल 1824 साली पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख झाले. तिथे विणकामातून चित्रे साकारत, आणि निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या छटांसाठी वापरलेली काळी लोकर मरगळलेली दिसते अशी तक्रार होती. दोष रंगाऱ्याचा, असेच कोणीही म्हटले असते. शेव्रल यांनी इतर कारखान्यांतली, परदेशातलीही काळी लोकर मागवून ताडून पाहिली. गोबलँची लोकर कुठेच कमी नव्हती. काळ्याचा जोर शेजारच्या निळ्या-जांभळ्यामुळे मारला जात होता. या शोधातून 1839 साली रंगांच्या परस्परविरोधावरचा त्यांचा ग्रंथ आला. मॉनिटरमागची भिंत राखाडी हवी, हा आग्रह थेट या लोकरीपर्यंत जाऊन पोहोचतो. यंत्र पडद्याला चिकटून फक्त पडद्याचा उजेड मोजते. भिंत त्याला दिसतच नाही, ती डोळ्याला दिसते.

पुढच्या शतकात रंग पाहण्याच्या या परिस्थितीलाच आकडे मिळाले. प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने 1931 साली ‘प्रमाण निरीक्षक’ ठरवला. त्यामागे राइट आणि गिल्ड या दोन ब्रिटिश संशोधकांनी तपासलेल्या अवघ्या 17 जणांची नजर होती. त्याच वर्षी प्रमाण उजेडही नेमले गेले, कारण कोणत्या उजेडात ते सांगितल्याशिवाय वस्तूच्या रंगाला अर्थ नव्हता. नंतर दिवसाच्या उजेडासाठी सुमारे 6500 केल्विनचा डी-65 रूढ झाला. छपाईवाल्यांनी मात्र कागद पाहायला अधिक पिवळसर डी-50 धरला. 1996 साली ह्यूलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मांडलेला एसआरजीबी हा पडद्यावरच्या रंगांचा संकेत 1999 मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण झाला. त्यात पडद्याचे तेज 80 कँडेला प्रति चौरस मीटर आहेच, शिवाय खोलीतला उजेडही 64 लक्स असा लिहिलेला आहे. खोलीचा उजेड प्रमाणातच नोंदलेला असताना या तयारीला किरकोळ कसे म्हणावे?

आक्षेप निघेल की हे सारे जुन्या काचनळीच्या मॉनिटरचे सोपस्कार. त्याचे परिपथ तापेपर्यंत रंग सरकत, पृथ्वीच्या चुंबकत्वानेही डाग पडत, म्हणून चुंबकत्व घालवणारे बटण दाबावे लागे. ते बटण गेले, ठीकच. पण एलईडीचा उजेडही तापमानाबरोबर बदलतो, आणि कारखान्यातून जुळवून आलेला पडदाही ज्या खोलीत ठेवायचा ती खोली कारखान्याने पाहिलेली नसते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: डोळा उजेडाशी जुळवून घेतोच, मग एवढा खटाटोप कशाला? डोळा जुळवून घेतो हे खरे, पण कागद आणि पडदा वेगवेगळ्या उजेडात शेजारी ठेवले की तो दोन्ही पांढऱ्यांशी एकाच वेळी पुरता जुळू शकत नाही. एक पिवळा वाटतो, नाहीतर दुसरा निळा. आणि आपले चित्र पाहणाऱ्यांचे फोन वेगवेगळे रंग दाखवतात, या सबबीतही दम नाही. त्यांच्या चुका दहा दिशांना पांगतात, मुळातली चूक मात्र प्रत्येकाकडे त्याच दिशेने जाते.

म्हणून यंत्र हातात घेण्यापूर्वी खिडकीचा पडदा ओढा, भडक वॉलपेपर काढून साधा राखाडी लावा, ब्राइटनेस आपोआप बदलणारी सोय बंद करा आणि मॉनिटरला त्याचा अर्धा तास द्या.