माझ्या आईचं काय?

20 मे 1548. पावसाला अजून अवकाश आहे आणि जुन्या गोव्याच्या कॅथेड्रलमध्ये तुमचा सदरा पाठीला चिकटलाय. आज पेन्टेकॉस्टचा सण. टाचा उंचावून तुम्ही पाहता: बिशप जुआंव द आल्बुकेर्क एका परक्या माणसाच्या डोक्यावर पाणी ओततोय. माणूस जपानमधल्या कागोशिमाचा. मूळ नाव आंजिरो, आजपासून पावलू द सांता फे.

शेजारी उभा असलेला खलाशी त्याची हकीकत ऐकवतो, कारण बंदरात कुठली गोष्ट लपून राहत नाही. या आंजिरोने गावी एकाचा जीव घेतला, मग पळाला आणि पोर्तुगीज जहाजावर चढला. पण केलेलं कर्म त्याच्याही आधी जहाजावर चढलेलं होतं. पापातून सुटका कुठे मिळते, हे विचारत तो मलाक्केला फ्रान्सिस झेवियर या जेझुइट पाद्र्यापर्यंत पोचला आणि तिथून इथे. त्याला सुटका मिळाली. खून करून आलेला माणूस आज धुतला जाऊन दाराबाहेर पडतोय, आणि बघणाऱ्यांचे डोळे भरून आलेत. तुम्हालाही बरं वाटतं. दया असावी तर अशी.

हा माणूस लक्षात असू द्या, पुढे लागेल.

आता तीन वर्षं ओलांडू. ऑगस्ट 1551, होन्शू बेटाच्या पश्चिम टोकाचं यामागुची शहर. इथला सरदार ओउची योशिताका हौशी आणि गडगंज. धर्म सांगायला जपानला आलेल्या झेवियरने त्याला घड्याळ, चष्मे, वाद्य असा नजराणा दिला. खरं तर तो जपानच्या सम्राटासाठी आणलेला होता, पण क्योतोत डाळ शिजली नाही. योशिताका खूश झाला, धर्म सांगायची परवानगी दिली आणि राहायला एक ओस पडलेला बौद्ध मठही दिला.

रस्त्यात लोक तुमच्याकडे वळून पाहतात, वाकून नमस्कार करतात. बुचकळ्यात पडू नका. तुमचा रंग आणि नाक पाहून त्यांनी ओळखलंय की तुम्ही ‘तेन्जिकू’चे, म्हणजे बुद्धाच्या देशातले. झेवियरबरोबर जपानला उतरलेल्यांत आमादोर नावाचा एक मलबारी नोकर होता, त्याच्याच जातकुळीतले तुम्ही. गोव्याहून आलेल्या गोऱ्या पाद्र्यालाही हे लोक तेन्जिकूचाच समजतात, म्हणून तर ऐकायला इतकी गर्दी. (जपानी कसं कळतं, ते विचारू नका. काळप्रवासात एवढी सवलत घ्यावीच लागते.)

मठात पाय ठेवायला जागा नाही. सामुराई आहेत, भिक्षू आहेत, दुकानदार आहेत, आणि भिंतीला टेकून बायका बसल्यात. सकाळपासून रात्रीपर्यंत नुसते प्रश्न. पाद्र्यांना धड जेवायला सवड नाही. झेवियरला जपानी जेमतेम येतं, त्यामुळे उत्तरं बहुतेक त्याचा सोबती हुआन फर्नांडिस देतो. आत्मा कसा दिसतो? देवाने सैतान घडवलाच कशाला? देव चांगला, तर माणूस इतका दुबळा का? उत्तरं पटली की लोक मान डोलावतात. दोन महिन्यांत सुमारे पाचशे जणांनी बाप्तिस्मा घेतलाय.

कोपऱ्यात चाळिशीची एक बाई बसलीय. हातात कमळाच्या पानात बांधलेला भात, कारण हे बोनचे दिवस आहेत. सातव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेच्या सुमाराला मेलेली माणसं घरी येतात, त्यांच्यासाठी दिवे लावायचे, पान वाढायचं. पितृपक्षात कावळ्याची वाट पाहणाऱ्या तुम्हाला हे समजावून सांगायची गरज नाही. बोनच्या कथेतला माणूससुद्धा आपल्याकडचाच. मोकुरेन म्हणजे आपला मौद्गल्यायन. आई मेल्यावर प्रेतयोनीत भुकेने तळमळताना त्याला दिसली, त्याने भात पुढे केला तर तोंडाशी नेताच घासाचे निखारे झाले. शेवटी बुद्धाने सांगितलं, भिक्षुसंघाला दान दे. तेव्हा कुठे ती सुटली.

बाईला भिक्षूंनी सांगितलंय की बायकांचा विटाळ मोठा, त्यांचं पाप पुरुषांहून जास्त, त्या नरकातून सहजी सुटत नाहीत. मात्र दान भरपूर केलं तर वाट निघते. आईच्या सुटकेसाठी तिने आजवर किती तांदूळ आणि किती नाणी मठात पोचवली असतील, तिचं तिला ठाऊक. आज पाद्री सांगतोय, हे सगळं थोतांड आहे, बाईपणाचं पाप नसतं, आणि पैसे घेऊन नरकातून कुणी कुणाला काढू शकत नाही. तिच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव येतो. तो तुम्ही अगदी जवळून पाहता: कपाळावरची शीर सैल पडते, भाताचं पान मांडीवर टेकतं.

मग ती विचारते, “म्हणजे माझी आई तिथे नाही?”

फर्नांडिस झेवियरकडे पाहतो. झेवियर उत्तर देतो. आई खऱ्या देवाला न ओळखता गेली. नरकात पडलेल्याला बाहेर यायची वाट नाही.

“प्रार्थना केली तर? दान केलं तर?”

उपयोग नाही.

“तुमचा देव सर्वशक्तिमान ना? मग त्याला काढता येत नाही, की काढायचं नाही?”

बाई आणि तिचं बोलणं माझ्या कल्पनेतलं आहे, पण प्रश्न कल्पनेतले नाहीत. 29 जानेवारी 1552 ला कोचीनहून युरोपातल्या सोबत्यांना लिहिलेल्या लांबलचक पत्रात झेवियरने हेच नोंदवलंय. नरकाचं दार कायमचं बंद असतं, हे ऐकून जपानी लोकांना सर्वांत जास्त यातना होतात. ते आईबाप, मुलं, आप्तेष्ट यांच्यासाठी रडतात, रडायचे थांबत नाहीत. आणि म्हणतात की आमच्या पंथांचे संस्थापक हाक मारली तर नरकातून काढतात, तुमच्या देवापेक्षा आमच्या धर्मात दया जास्त आहे. गोव्यात ‘गोंयचो सायब’ म्हणून ज्याच्यापुढे लोक आजही रांग लावतात, त्या माणसाच्या हातचं हे लिखाण. त्याने ते झाकलं नाही, याबद्दल मला त्याच्याविषयी आदर वाटतो.

आता आंजिरोला आठवा. माणूस मारून आलेल्याला दया आहे, कारण तो जिवंत होता आणि त्याची जहाजाशी गाठ पडली. आयुष्यभर कुणाच्या ताटातलं न ओढणाऱ्या आईला नाही, कारण जहाज यायच्या आधी ती गेली. देवाची दया जहाजांच्या वेळापत्रकावर चालते का? यामागुचीच्या लोकांनी नेमकं हेच विचारलं: देव इतका दयाळू, तर जपानला कळवायला त्याने एवढा उशीर का लावला?

झेवियरचं यावरचं उत्तर हुशारीचं आहे. तो म्हणतो, उशीर झालेलाच नाही. चीनहून तुमच्याकडे धर्मग्रंथ यायच्या आधीही खून, चोरी, खोटेपणा वाईट हे तुमच्या लोकांना कळतच होतं. कुणी न शिकवता डोंगरात वाढलेल्या माणसाला विचारा, त्यालाही ते कळेल. देवाने हा कायदा प्रत्येकाच्या काळजावर आधीच लिहिलाय. लोकांचं समाधान झालं, असं तो लिहितो. झालंही असेल. पण बाईच्या जागी बसून ऐका. काळजावर कायदा लिहिलेला होता, म्हणून तुझ्या आईला सबब नाही, असाच त्याचा अर्थ निघतो.

त्याच्याच परंपरेत दुसरा अर्थ निघत होता. रानात एकट्या वाढलेल्या माणसाचा प्रश्न तीनशे वर्षं आधी थॉमस अक्विनासने घेतला होता, आणि उत्तर दिलं होतं की हा माणूस आपल्या बुद्धीने चांगल्याच्या मागे गेला, तर देव त्याला आतून प्रकाश देईल किंवा कुणाला तरी त्याच्याकडे धाडील, वाऱ्यावर सोडणार नाही. दान्तेने तर ‘पारादिसो’त माणूस थेट सिंधूकाठी जन्माला घातला, ज्याने ख्रिस्ताचं नाव कधी ऐकलंच नाही, आणि विचारलं की यात त्याचा काय दोष. तिथे दान्तेलाही धड उत्तर मिळत नाही, उलट तू कोण न्याय करणारा म्हणून दटावणी मिळते.

तुम्हाला ही बाई सोडवत नाही, म्हणून क्षणभर रोमला जाऊन येऊ. 21 नोव्हेंबर 1964, सेंट पीटर्स. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे बिशप ‘ल्युमेन जेन्शियुम’ या दस्तऐवजावर मत देतात: बाजूने 2,151, विरुद्ध 5. त्याचा सोळावा परिच्छेद म्हणतो की ज्याला स्वतःचा दोष नसताना शुभवार्ता कळली नाही, पण जो मनापासून देवाला शोधतो आणि सदसद्विवेकाला धरून वागतो, त्यालाही तारण मिळू शकतं. काळजावरचा तोच कायदा. यामागुचीत तो आरोपपत्र होता, रोममध्ये जामीन झाला. मधली 413 वर्षं किती आया नरकात होत्या, हा प्रश्न मला आचरट वाटत नाही. त्या कुठेच गेल्या नव्हत्या, जिवंत माणसांचं रडणं मात्र खरं होतं.

परत मठात या. बाई आता तुमच्याकडे वळलीय.

“आपण तेन्जिकूचे. आपण सांगा.”

काय सांगाल? तोंडावर आलेली गोष्ट धर्मराजाची आहे. स्वर्गात पोचल्यावर भावांचे आणि द्रौपदीचे आवाज नरकातून ऐकू आले, तेव्हा युधिष्ठिर म्हणाला, हे जिथे तिथे मी, मला तुमचा स्वर्ग नको. बाईलाही हेच म्हणायचंय: आईला सोडून मी तुमच्या स्वर्गात काय करू? अक्विनासच्या मृत्यूनंतर त्याच्या ग्रंथाला जोडलेल्या पुरवणीत तर म्हटलंय की स्वर्गातल्यांना नरकातल्या यातना दिसतात आणि त्यांची कीव येत नाही. असल्या स्वर्गात जायला आधी काळीज काढून ठेवावं लागेल. पण व्यासांचीही गोष्ट अर्धीच सांगून चालणार नाही. तिथे युधिष्ठिराच्या निष्ठेसमोर नरकच विरून जातो, ती माया होती म्हणे. व्यासांनी सोय करून घेतली, असं मला नेहमी वाटत आलंय. आणि त्याआधी याच युधिष्ठिराचं डोकं भडकतं, ते स्वर्गात आसनावर बसलेला दुर्योधन पाहून.

ते भडकणं समजायचं, तर यामागुचीतच महिनाभर थांबा. सप्टेंबरच्या अखेरीस सुए हारुकाता हा योशिताकाचाच सरदार उलटतो. झेवियर तोवर बुंगो प्रांतात गेलेला आहे. शहराला आग लागते. योशिताका पळतो, नागातो प्रांतातल्या एका मठात पोट चिरून घेतो. त्याच्या कोवळ्या मुलालाही मारतात. ज्या अंगणात महिन्यापूर्वी बोनचे दिवे होते, तिथे तुम्हाला आता धुराशिवाय काही दिसत नाही. त्या धुरात उभं राहून कुणी म्हणालं, दार सगळ्यांसाठी उघडा, मारणाऱ्यांसाठीसुद्धा, तर तुमचीच जीभ अडखळेल. नरकाची कल्पना क्रूर माणसांनीच काढली असं नाही. पोर मारलं गेलेल्यांनाही ती लागते. माझं म्हणणं एवढंच की शिक्षेला शेवट असावा. हारुकाताचा नरक लांब असू दे, हवा तेवढा. कायमचा म्हटलं की तो न्यायही उरत नाही.

या धुमाकुळात मागे राहिलेल्या झेवियरच्या सोबत्यांना, कोस्मे दे तोरेस आणि फर्नांडिसला, लपवलं, ते नाइतो नावाच्या सरदाराच्या बायकोने. नवराबायको दोघंही पाद्र्यांचे हितचिंतक, पण बाप्तिस्मा घ्यायला तयार नव्हते. आमिदा बुद्धासाठी त्यांनी मठ बांधले होते, आयुष्यभर दानं केली होती. ते पुण्य वाया घालवायला मन होईना. पाद्र्यांच्या गणिताप्रमाणे ही बाई मेल्यावर कुठे जाणार, ते पाद्र्यांना माहीत होतं. तिच्या घरात लपून बसताना ते त्यांच्या मनात आलं असेल का?

शेवटचा मुक्काम कोचीन, जानेवारी 1552. झेवियर लिहितोय. तो कबूल करतो की इतकी जिवाभावाची माणसं ज्यावर उपायच नाही अशा गोष्टीसाठी रडताना पाहून त्यालाही दुःख होतं. म्हणजे माणसाला कळवळा आला, आणि देवाला येत नाही असं तोच माणूस शिकवत होता. इथे तो जरा थांबेल, असं तुम्हाला वाटतं. तो थांबत नाही. त्याच सुमाराला जेझुइट संघाचा प्रमुख इग्नेशियस लोयोला याला तो कळवतो की जपानला माणसं पाठवा: वादविवादात तयार, प्रश्नांना पुरून उरणारी, फार म्हातारी नकोत, फार कोवळी नकोत, फ्लेमिश किंवा जर्मन असली आणि त्यांना स्पॅनिश वा पोर्तुगीज येत असली तर उत्तम, कारण तिकडे थंडी फार असते.