उन्हाने त्वचा भाजल्यास...

विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत पारा अनेकदा चाळिशी ओलांडतो. वाशीम जिल्ह्यात याच दिवसांत नांगरणी-वखरणीची कामे सुरू असतात, तर मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे चैत्रात रामनवमीची यात्रा भरते. दिवसभर उघड्यावर राहिलेल्यांची मान, खांदे व हात सायंकाळी लाल होऊन त्यांची आग होऊ लागते. 'ऊन लागले' असे म्हणून त्याची बोळवण केली जाते. मात्र या दोन शब्दांत दोन निराळे विकार दडलेले आहेत : त्वचेचे भाजणे आणि उष्माघात. पहिल्यावर बहुधा घरी उपचार करता येतात. दुसऱ्यात घरी थांबणे जिवावर बेतू शकते.

त्वचा भाजते ती सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे. हे किरण अंगाला जाणवत नाहीत. लाली व वेदना काही तासांनी सुरू होतात आणि साधारण १२ ते २४ तासांत सर्वाधिक वाढतात. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही. परंतु त्वचा गरम व हुळहुळी लागते.

घरी काय करावे? भाजलेल्या भागावर गार पाण्यात भिजवलेल्या सुती कापडाच्या घड्या १० ते १५ मिनिटे ठेवाव्यात व दिवसातून अनेकदा हा उपाय करावा. बर्फ थेट लावू नये. त्वचा ओलसर असतानाच कॅलामाइन लोशन किंवा कोरफडयुक्त मलम हलक्या हाताने लावावे. सैल सुती कपडे घालावेत. पाणी, ताक किंवा जलसंजीवनी वारंवार घ्यावी. वेदनेसाठी पॅरासिटामॉल योग्य मात्रेत चालते. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये.

काय टाळावे? फोड फोडू नयेत, कारण त्याखालील नाजूक त्वचेचे ते नैसर्गिक आच्छादन असते. फोड आपोआप फुटल्यास स्वच्छ पाण्याने धुऊन त्यावर निर्जंतुक पट्टी सैल बांधावी. तूप, तेल, हळद किंवा टूथपेस्ट लावू नये. लिंबाचा रस तर कटाक्षाने टाळावा; तो लावून उन्हात गेल्यास त्वचा अधिकच भाजते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे? मोठ्या भागावर किंवा चेहऱ्यावर फोड आल्यास, पू झाल्यास, ताप किंवा उलट्या सुरू झाल्यास, तसेच तान्ह्या बाळाची त्वचा भाजल्यास विलंब करू नये.

अंग अतिशय तापणे, असंबद्ध बोलणे, झटके येणे किंवा शुद्ध हरपणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे भर उन्हात झालेल्या सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला होता. अशी लक्षणे दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत रुग्णाला सावलीत नेऊन अंगावर पाणी शिंपडावे व वारा घालावा. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये.

भाजलेली त्वचा पूर्ण बरी होईपर्यंत पुन्हा उन्हात उघडी ठेवू नये. दुपारी बाहेर पडणे अटळ असल्यास डोके, मान व हात दुपट्ट्याने झाकावेत.