नळाला बांधलेली तार

आमच्या घरात वीज आली ती लाकडी पट्टीवरून. पट्टीवर पत्र्याच्या क्लिपा, त्यांत अडकवलेली वायर आणि दाराशेजारी काळा बेकलाइटचा स्विच. फ्यूज उडाला की वडील स्टुलावर चढून तार घालत आणि आम्ही खाली मेणबत्ती धरून उभे! राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झालं, त्यानंतरच्या काही वर्षांतली ही गोष्ट.

तेव्हा एक सल्ला घरोघरी ऐकू येई. "अर्थिंगला खड्डा कशाला खणता? तार नळाला बांधा." गंमत म्हणजे त्या काळी तो अगदीच खुळा नव्हता. पाइप लोखंडी आणि लांबवर जमिनीत पुरलेला. उपकरणाच्या पत्र्यात वीज उतरली तर तिला जमिनीत जायला वाट असे.

पुढे पीव्हीसीचे पाइप आले. जमिनीतली लाइन बदलली, घरातले लोखंडी तुकडे आणि पितळी तोट्या तशाच राहिल्या. वाट मध्येच तुटली, सल्ला मात्र चालूच राहिला. आता पत्र्यात उतरलेली वीज तोटीपर्यंत येऊन थांबते. फ्यूज उडत नाही, कुणाला काही कळत नाही. ओल्या हाताने कुणी तोटी धरली, की त्याच्या अंगातून तिला वाट मिळते.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. १९९४ साली शेजाऱ्यांनी जुना फ्रिज घेतला, तेव्हा हाच सल्ला मी दिला. मी मराठी आणि इतिहास शिकवणारा, पण 'सर म्हणाले' म्हटल्यावर शंका कोण घेणार? नवीन पाइपासाठी चर खणला तेव्हा मी स्वतः गॅलरीत उभा राहून बघत होतो. तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. काही महिन्यांनी वहिनींनी तोटीला हात लावला आणि त्या मागे फेकल्या गेल्या. हात सुटला म्हणून वाचल्या. वायरमनने तोटीला टेस्टर लावला, तो पेटला. ती तार कुणी बांधायला सांगितली, असं त्याने विचारलं. वहिनी काही बोलल्या नाहीत. मीच बोललो.

१९५६च्या भारतीय वीज नियमांत दिवा, पंखा, स्विच, फ्यूज बदलण्यासारख्या कामांना सूट होती. वायरिंगमधला फेरबदल मात्र परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यायचा, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मी ते वाचलं फार उशिरा.

इतिहासाच्या तासाला मी मुलांना सांगे, कुठलीही गोष्ट तिच्या काळात ठेवून बघा. घरगुती सल्ल्यालाही हे लागू आहे, हे मला त्या तोटीने शिकवलं.

असो. जुन्या घरात राहणाऱ्या आप्तांनो, जाणत्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. ३० मिलिअँपियरचा ईएलसीबी नसेल तर बसवून घ्या. आणि नळाला तार बांधलेली दिसली, तर ती आपल्या हाताने सोडवू नका.