आजीच्या पेटीतली हाली नोट: किती येतील?

पिंगळीहून पुन्हा एकदा तुमच्या कानाशी. 17 सप्टेंबर, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन जवळ आला की माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो हमखास येतो. कुणाच्या तरी आजीच्या पेटीत घडी घातलेली नोट सापडलेली असते. वर उर्दू अक्षरं, आणि खाली एकच प्रश्न: "दादा, याचे किती येतील?"

उत्तर देतो, पण आधी ही नोट आहे काय ते बघू.

आपला परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली आणि 1918 च्या हैदराबाद चलन कायद्याने संस्थानाच्या कागदी नोटा आल्या. चलनाचं नाव उस्मानिया सिक्का, लोकांच्या तोंडी 'हाली'. इंग्रजांचा रुपया तो 'कलदार'. हिशोब ठरलेला: 7 हाली म्हणजे 6 कलदार. पिंगळीवरून जाणारी आगगाडी मनमाडला पोचली की इंग्रजी मुलूख, म्हणजे तिथं व्यवहार कलदारचा. सुरुवातीच्या नोटा लंडनच्या वॉटरलो कंपनीने छापल्या, पुढे नाशिकच्या छापखान्यात छापू लागले. नोटेवर उर्दूसोबत मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्येही किंमत लिहिलेली असे, कारण राज्यात तेवढ्या भाषा होत्या.

1948 साली संस्थान भारतात आलं, पण हाली लगेच गेला नाही. तो पुढेही काही वर्षं निघत राहिला आणि पूर्ण बाद झाला 1959 मध्ये. तोवर मराठवाडा हैदराबादमधून मुंबई राज्यात आलेला होता.

आता किंमत. पहिला प्रश्न: नोट कोणती? एक रुपयाच्या बऱ्याच टिकल्या, हजाराच्या अगदी थोड्या. मग बघा सही. दिसायला सारख्याच नोटा, पण सही वेगळी तर भाव वेगळा. गुलाम मुहम्मद यांची सही असलेल्या नोटा आहेत. ते आधी हैदराबादचे अर्थमंत्री होते, नंतर पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले. आणि स्वातंत्र्यलढ्यातले डॉ. मेलकोटे, 1952 च्या मंत्रिमंडळातले अर्थमंत्री, त्यांच्याही सहीची नोट आहे. तीसेक वर्षांचं राजकारण नुसत्या सह्यांवरून वाचता येतं! काही नोटांवर फसली सन असतो. त्यात 590 मिळवा, साधारण इसवी सन मिळतो. उर्दू येत नसेल तर गावात वाचणारं कुणीतरी असतंच, त्यांना दाखवा.

दुसरा प्रश्न: अवस्था. मोबाइलचा टॉर्च लावा आणि नोट उजेडासमोर धरा. टाचणीची भोकं, विरळ झालेला कागद, मागून चिकटवलेली फाट, सगळं दिसेल. मग नोट तिरकी धरा, घड्या मोजा. एकही घडी नाही, कोपरे टोकदार, कागद करकरीत, तर ती 'अनसर्क्युलेटेड'. दोन-तीन हलक्या घड्या किंवा एकच ठळक घडी असेल तर 'एक्स्ट्रा फाइन'. घड्या बऱ्याच, पण कागदात जीव आहे, तर 'व्हेरी फाइन'. त्याखाली 'फाइन' आणि पुढच्या पायऱ्या. एकेका पायरीने भाव भराभर उतरतो.

म्हणून हात जोडून सांगतो, नोट धुऊ नका, इस्त्री करू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. इस्त्रीने घडी लपते, पण छपाईचा उठाव सपाट होतो आणि जाणकाराला ते लगेच कळतं. चिकटपट्टी लावली की कागद कायमचा पिवळा.

पण मंडळी, डागाळलेली नोट नेहमीच हलकी नसते. 20 मे 1922 ला लंडनहून मुंबईला निघालेलं 'इजिप्त' जहाज फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात दुसऱ्या जहाजाची टक्कर बसून बुडालं. पोटात सोनं-चांदी होती आणि हैदराबादच्या सही नसलेल्या नोटाही. 1932 मध्ये इटालियन पाणबुड्यांच्या पथकाने सोनं वर काढलं, आणि नोटाही मिळाल्या. समुद्राच्या पाण्याचे डाग पडलेल्या त्या नोटा संग्राहक आज मुद्दाम शोधतात. डाग तोच, पण त्याला गोष्ट आहे. भाव असा ठरतो: किती उरल्या, कशा उरल्या, आणि कुणाला हव्यात.

आता खरी काळजीची गोष्ट. "जुन्या नोटेचे लाखो मिळवा" असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. पलीकडचा माणूस गोड बोलतो, रिझर्व्ह बँकेचं नाव घेतो आणि आधी 'कमिशन' किंवा 'टॅक्स' मागतो. खुद्द रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये सावध केलंय: असल्या खरेदी-विक्रीशी आमचा संबंध नाही, त्यासाठी आम्ही कुठलेही पैसे मागत नाही. विकणाऱ्यालाच आधी पैसे भरायला लावणारा गिऱ्हाईक असतो होय? ओटीपी तर कुणालाच द्यायचा नाही.

तेव्हा दादा-ताईंनो, एवढं करा. नोट पीव्हीसी नसलेल्या पाकिटात सपाट ठेवा. दोन्ही बाजूंचे नीट फोटो काढा. विकायचीच असेल तर आधी नाणेप्रदर्शनात दोन-तीन जाणकारांना दाखवा. लिलावात तशीच नोट, तशाच अवस्थेत, प्रत्यक्ष कितीला गेली ते बघा. जाहिरातीत मागितलेला आकडा धरू नका. आणि आजी असेल तर तिला विचारा, ही नोट बदलून का घेतली नाही? उत्तर रेकॉर्ड करा. कॅटलॉगमध्ये ते कुठंच छापलेलं नाही. मला पाठवलंत, तर पुढच्या भागात सगळ्यांना ऐकवीन.